कवितेचे रसग्रहण: अलंकाराच्या नावापासून त्याच्या परिणामापर्यंत

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मी एका कवितेचे रसग्रहण लिहिले होते. त्यात अनुप्रास, यमक, उपमा, चेतनगुणोक्ती अशी नावे एकाखाली एक मांडली होती, प्रत्येक नावासमोर कवितेतली एकेक ओळ उतरवली होती आणि शेवटी ‘अशा प्रकारे ही कविता विविध अलंकारांनी नटलेली आहे’ असे वाक्य टाकले होते. वही तपासून परत आली तेव्हा प्रत्येक नावासमोर, समासात, तांबड्या शाईने एकच प्रश्न लिहिलेला दिसला: ‘मग काय झाले?’ त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. अलंकार ओळखला, उदाहरण दिले, आणखी काय हवे, असेच वाटले. ओळखणे ही सुरुवात असते आणि त्या अलंकारामुळे वाचणाऱ्याच्या मनात काय घडले हे सांगणे हे खरे काम असते, हे उमजायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

दहावीला रसग्रहण लिहिणारे विद्यार्थी, मराठी घेऊन पदवीचा अभ्यास करणारे, किंवा शाळा सुटल्यावर बऱ्याच काळाने कवितेकडे वळलेले आणि ‘मला कविता कळत नाही’ असे म्हणणारे वाचक, या सर्वांसाठी पुढील पायऱ्या आहेत. दहावीच्या उत्तरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे अपेक्षित असतात. पायऱ्या नीट चढल्या तर ते तिन्ही मुद्दे वेगळे पाठ करावे लागत नाहीत, कारण ते एकमेकांतूनच निघतात.

आधी जवळ काय ठेवावे

कवितेची छापील प्रत, शक्यतो पुस्तकातली. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या मजकुरात ओळी मोडलेल्या असतात, ऱ्हस्व-दीर्घ बदललेले असतात आणि कधी कधी कडवेच गळालेले असते.

एक वही, तिच्या प्रत्येक पानाचा उजवा अर्धा भाग कोरा सोडून.

शिसपेन्सिल. पहिल्या वाचनातल्या खुणा पुसता आल्या पाहिजेत.

शब्दकोश. जुन्या कवितेसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही उपयोगी पडतात. मोल्सवर्थ १८३१ साली प्रथम छापला गेला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली निघाली, त्यामुळे आज वापरातून गेलेल्या घरगुती, शेतीच्या आणि बलुतेदारीच्या शब्दांचे अर्थ त्यात सापडतात. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

अलंकारांची यादी असलेले व्याकरणाचे कोणतेही शालेय पुस्तक. मात्र ते पहिल्या दोन पायऱ्या होईपर्यंत मिटलेलेच ठेवावे.

१. मोठ्याने वाचा आणि जिथे थबकलात तिथे खूण करा

कविता किमान तीन वेळा, आवाज काढून वाचा. मराठी कवितेचा बराचसा भाग शतकानुशतके गळ्यातून आणि कानातून आला आहे. ओवी जात्यावर म्हटली गेली, अभंग टाळ-मृदंगावर. डोळ्यांनी भराभर वाचले की तिचा निम्मा परिणाम हातून निसटतो.

वाचताना जिथे जीभ अडली, जिथे श्वास लांबला, जिथे हसू आले, जिथे अर्थ लागला नाही, तिथे शिसपेन्सिलीने बारीक रेघ ओढा. या वेळी कोणत्याही अलंकाराचे नाव मनात आणू नका. तुमचे थबकणे हाच तुमच्याजवळचा पहिला पुरावा आहे आणि पुढचे सगळे लेखन त्याच्यावर उभे राहणार आहे. नाव आधी सुचले की आपण त्या नावाला शोभेलसा परिणाम कल्पनेने रचू लागतो, आणि मग प्रत्येक कवितेबद्दल तीच ठरावीक वाक्ये लिहिली जातात.

२. ओळींचा सरळ अर्थ साध्या गद्यात लिहा

वहीच्या डाव्या भागात प्रत्येक ओळीचा सरळार्थ लिहा. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी आणा, अध्याहृत शब्द भरा. हे काम कंटाळवाणे वाटते आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. पण कविता आणि तिचा सरळार्थ समोरासमोर ठेवले की दोहोंत काय फरक पडला ते स्वच्छ दिसते. कवीने जे केले ते त्या फरकातच असते.

३. आता नाव द्या, पण शेजारच्या अलंकारांशी ताडून

नाव देताना सर्वात जास्त गोंधळ साम्यावर आधारलेल्या अलंकारांत होतो. व्याख्या पाठ करण्यापेक्षा एकच कल्पना निरनिराळ्या साच्यांत घालून पाहिली, तर भेद कायमचा लक्षात राहतो. मी यासाठी नेहमी आजीच्या हातांचे उदाहरण घेतो.

‘आजीचे हात सुकलेल्या खारकांसारखे होते.’ ही उपमा. हात हे उपमेय, खारका हे उपमान, सुरकुतलेपण हा साधारण धर्म आणि ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्द. येथे हात आणि खारका या दोन वस्तू वेगळ्या राहतात. वाचणाऱ्याची नजर एकीकडून दुसरीकडे जाते आणि परत येते.

‘आजीचे हात जणू सुकलेल्या खारकाच.’ ही उत्प्रेक्षा. यात कल्पनेने एक उडी घेतली आहे, पण ‘जणू’ या शब्दाने ती कल्पना आहे याची जाणीवही ठेवली आहे.

‘आजीच्या हातांच्या खारका माझ्या गालावरून फिरत.’ हे रूपक. दोन वस्तू एक झाल्या. वाचणाऱ्याला तुलना करायला अवकाशच उरला नाही. तो थेट गालावर खरखरीत स्पर्श अनुभवतो.

‘हे हात नव्हेत, या तर सुकलेल्या खारका.’ ही अपन्हुती. आधी नकार येतो, त्यामुळे क्षणभर धक्का बसतो, आणि त्या धक्क्यात आजीचे वय एकदम डोळ्यांपुढे उभे राहते.

‘खारकेलाही इतक्या सुरकुत्या नसतील.’ हा व्यतिरेक. ज्याच्याशी तुलना करायची त्यालाच उपमेयाने मागे टाकले.

पाचही वाक्यांत वस्तुस्थिती एकच आहे, तरी वाचणाऱ्याचे स्थान प्रत्येक वेळी बदलते. उपमेत तो काही अंतरावरून पाहतो, रूपकात तो आत ओढला जातो, अपन्हुतीत तो दचकतो. ‘कवीने येथे उपमेऐवजी रूपक का घेतले असेल?’ हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे, आणि तो विचारता यावा एवढ्यासाठीच या भेदांचा अभ्यास करायचा.

येथे दोन ठिकाणी पाय हमखास घसरतो. पहिले म्हणजे खुणेच्या शब्दावर डोळे मिटून विसंबणे. ‘सारखा’ दिसला की उपमा असे आपल्याला शिकवलेले असते, पण ‘बाळ सारखा रडतो’ या वाक्यात ‘सारखा’ म्हणजे सतत, आणि ‘हा सदरा त्या सदऱ्यासारखाच आहे’ या वाक्यात साम्य असूनही अलंकार नाही, कारण त्यात मनाला चमकवणारे काहीच नाही. रानातला गवा गाईसारखा दिसतो, एवढ्याने काव्य होत नाही, असे जुने काव्यशास्त्रज्ञही बजावून गेले आहेत. दुसरे म्हणजे एका ओळीत एकच अलंकार असतो असे मानणे. चांगल्या ओळीत दोन-तीन एकमेकांत गुंतलेले असतात, आणि परीक्षेत एकाचेच नाव मागितले असले तरी वाचताना त्यांना वेगळे काढण्याची घाई करू नये.

४. शब्द बदलून पाहा

या पायरीला सर्वाधिक वेळ द्या. ज्या शब्दावर किंवा प्रतिमेवर तुम्ही खूण केली आहे, तिच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला, ओळ पुन्हा मोठ्याने वाचा आणि काय हरवले ते वहीच्या उजव्या भागात लिहा.

ही युक्ती आपल्या परंपरेतलीच आहे. शब्दालंकार कोणता आणि अर्थालंकार कोणता हे ठरवताना संस्कृत काव्यशास्त्राने हीच कसोटी लावली: शब्द बदलल्यावर अलंकार टिकला तर तो अर्थाचा, मोडला तर शब्दाचा. ‘शंकरास पूजिले सुमनाने’ या पाठ्यपुस्तकातल्या ओळीत ‘सुमनाने’च्या जागी ‘फुलाने’ घाला. पूजा तशीच राहिली, पण ‘चांगल्या मनाने’ हा दुसरा अर्थ नाहीसा झाला. श्लेष शब्दाला चिकटलेला होता, तो शब्दाबरोबर गेला. उलट आजीच्या हातांना ‘वाळलेल्या खजुरासारखे’ म्हटले तरी उपमा उपमाच राहते.

म्हणींवर ही कसोटी लावायला सुरुवात करावी, कारण त्या लहान असतात आणि सगळ्यांच्या ओठांवर असतात. ‘असतील शिते तर जमतील भुते’ ही म्हण बदलून ‘अन्न असेल तर लोक जमतील’ अशी करून पाहा. अर्थ जवळजवळ तोच आहे. मग काय गेले? शिते-भुते हे यमक गेले, आणि त्याबरोबर एकामागून दुसरे अटळपणे येणारच ही कानाला पटणारी खात्री गेली. ‘शीत’ म्हणजे भाताचा एक दाणा. ‘अन्न’ म्हटल्यावर तो बोटांच्या चिमटीत मावणारा क्षुल्लकपणा गेला. ‘भुते’ म्हणताना येणाऱ्या माणसांविषयीची जी नाराजी होती, तीही गेली. पाच शब्दांच्या म्हणीत तीन गोष्टी एकाच वेळी काम करत होत्या, हे बदलून पाहिल्याखेरीज कळले नसते.

हाच प्रयोग प्रतिमेवरही करता येतो. बहिणाबाई चौधरी यांनी संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली: आधी हाताला चटके, मग भाकरी. आता तव्याच्या जागी आपल्या जुन्या ओळखीचा ‘भवसागर’ घाला. संसार म्हणजे सागर, तो तरून जायचा, हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यात पाणी उरलेले नाही. सागर म्हटल्यावर कुणाचेही अंग भिजत नाही. तवा मात्र रोज भाकरी थापणाऱ्या बोटांना ठाऊक आहे. शिवाय सागर संसारातून बाहेर पडायला सांगतो आणि तवा चुलीपाशीच बसवतो, कारण भाकरी तिथेच मिळते. उपमान बदलताच संसाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्या ओळी घरातल्यांनी उतरवून घेतल्या, हे लक्षात घेतले म्हणजे ही उपमा कोणत्या पुस्तकातून आली नसून हाताच्या अनुभवातून आली आहे हेही उत्तरात सांगता येते. कवीची माहिती रसग्रहणात द्यायची ती अशा ठिकाणी, जिथे ती ओळीवर उजेड टाकते. उत्तराच्या आरंभी जन्मगाव आणि जन्मतारीख लिहून काही साधत नाही.

५. कानाला काय ऐकू येते ते मोजा

नाद, यमक आणि छंद यांविषयी लिहिताना ‘त्यामुळे कवितेला गेयता प्राप्त झाली आहे’ हे वाक्य सर्रास वापरले जाते. ते वाक्य कोणत्याही कवितेला चिकटवता येते, म्हणून ते टाळावे आणि त्याऐवजी प्रत्यक्ष अक्षरे मोजावीत.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली सर्वांच्या परिचयाची ओवी घ्या:

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें ।
मेळवीन ॥

पुष्कळांच्या तोंडी ‘मराठीचि’ असा पाठ असतो. म्हणूनच वर छापील प्रतीचा आग्रह धरला. आता बोटांवर मोजा. पहिल्या चरणात ११ अक्षरे, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात ८ आणि चौथ्यात अवघी ४. ग्रंथांतल्या ओवीत अक्षरसंख्या काटेकोर बांधलेली नसते, पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा चरण तोकडा, यमकावाचून येतो, हे तिचे सर्वसाधारण रूप. या ओवीत काय घडते ते पाहा. पहिले दोन चरण दावा मांडतात, आणि तो दावा लहान नाही: ज्या काळी ज्ञानाची भाषा संस्कृत मानली जात होती, त्या काळी, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात, मराठी बोल अमृतालाही पैज लावून जिंकेल असे ज्ञानदेव म्हणतात. तिसरा चरण आखूड होतो, आवाज उतरू लागतो, आणि चौथ्यात एकच शब्द उरतो: मेळवीन. भविष्यकाळी क्रियापद, प्रथमपुरुषी एकवचन. कौतुकें, जिंके, रसिकें या यमकांच्या ओळीनंतर कान चौथ्या यमकाची वाट पाहतो आणि ते मिळत नाही; त्या रिकाम्या जागेत ‘मी जुळवीन’ हे वचन एकटे उभे राहते. अलंकाराचे नाव विचाराल तर व्यतिरेक, कारण उपमान असलेल्या अमृताला उपमेयाने मागे टाकले आहे. पण ‘या ओवीत व्यतिरेक आहे’ एवढेच लिहिणारा वाचक त्या शेवटच्या चार अक्षरांपाशी थांबलाच नाही.

याच ओवीच्या मागोमाग अलंकार वाचकावर काय परिणाम करतो याचे वर्णन स्वतः ज्ञानदेवांनीच केले आहे:

ऐका रसाळपणाचिया लोभा ।
कीं श्रवणींचि होति जिभा ।
बोलें इंद्रियां लागे कळंभा ।
एकमेकां ॥

शब्दांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतात आणि इंद्रियांत आपसात भांडण लागते. येथे दुसरी पायरी लावून पाहा. सरळार्थ काय? ‘ही भाषा ऐकायला गोड आहे.’ आपण ‘गोड आवाज’, ‘गोड बोलणे’ असे दिवसभर म्हणतो. चवीचा शब्द आवाजाला लावलेला आहे याची आता आपल्याला जाणीवही राहिलेली नाही. ती प्रतिमा झिजून गुळगुळीत झाली आहे. ज्ञानदेवांनी तीच झिजलेली कल्पना उचलली आणि शेवटपर्यंत नेली: शब्द खरोखरच गोड असेल तर तो चाखायला कानाला जीभ हवी. ते चित्र विचित्र आहे, किंचित अंगावर येणारे आहे, आणि म्हणूनच ‘गोड’ हा शब्द पुन्हा जिभेवर जाणवू लागतो. मी ही ओवी पहिल्यांदा मोठ्याने वाचली तेव्हा ‘जिभा’ या शब्दावर माझी स्वतःची जीभ टाळ्याला लागली आणि मी थांबलो. अतिशयोक्तीचा परिणाम काय असतो, हे मला त्या क्षणी कोणत्याही व्याख्येपेक्षा नीट समजले.

अनुप्रासाविषयी एक सावधगिरी. ‘ट, ठ, ड ही कठोर अक्षरे, म्हणून कठोर भाव’ असे सूत्र लावू नका. ‘टिनाच्या पत्र्यावर टपोरे थेंब टणटणले’ यातला ट पत्र्याचा आवाज काढतो, पण ‘ताटात टरबुजाच्या टपोऱ्या फोडी’ यातला ट मुळीच कठोर नाही, उलट तोंडाला पाणी आणणारा आहे. नाद अर्थाला धार देतो. तो अर्थ स्वतः निर्माण करत नाही.

६. जे बोलले गेले नाही ते शोधा

शब्दाच्या तीन शक्ती शाळेत शिकवतात: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अभिधा म्हणजे कोशातला अर्थ. तो जुळेनासा झाला की लक्षणा लागते. ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ यात काचेच्या बांगड्यांचा हिशेब नाही. फुटलेल्या प्रत्येक बांगडीमागे एक घर आहे. आणि व्यंजना म्हणजे शब्दांनी न सांगता सुचवलेले. ‘सूर्य मावळला’ हे परंपरेतले उदाहरण. अंगणात खेळणाऱ्या मुलाला आई ‘दिवे लागले बरं का’ म्हणते तेव्हा तिचा अर्थ ‘घरात ये’ असा असतो. तेच वाक्य ओटीवर रेंगाळलेल्या पाहुण्याला वेगळे सांगते आणि देवघरापाशी उभ्या असलेल्या सुनेला आणखी वेगळे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन या काव्यशास्त्रज्ञाने ध्वनी, म्हणजे सुचवलेला अर्थ, हा काव्याचा आत्मा आहे असे मांडले ते या सूचकतेच्या बळावर.

पानिपताचेच आणखी एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. १४ जानेवारी १७६१ च्या त्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली असे सांगितले जाते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला याची गणतीच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे असंख्य सैनिक. येथे उपमेयाचे नावच घेतलेले नाही, उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे. काव्यशास्त्रात याला रूपकातिशयोक्ती म्हणतात.

याचा वाचणाऱ्यावर काय परिणाम होतो? पत्र हाती पडलेल्या बापाला ‘मोती’ या शब्दाच्या जागी मुलाचे नाव स्वतःच घालावे लागते. सांगणाऱ्याने ते उच्चारलेले नाही. ते वाचणाऱ्याच्या मनातच उच्चारले जाते, आणि त्याला त्यातून सुटका नाही. भाषा हिशेबाची, कोरडी, नफा-तोट्याची आहे, त्यामुळे शोक कुठेही वर येत नाही आणि म्हणूनच तो सहन होण्यापलीकडचा वाटतो. आणि आजच्या वाचकाला आणखी एक गोष्ट खुपते, निदान मला तरी खुपते: मोती मोजले, मोहरा मोजल्या, खुर्दा मात्र मोजला नाही. प्रतिमा निवडतानाच कोणाचे मरण मोजायचे हे ठरून गेले. अलंकाराबरोबर अशी एक दृष्टी येते, आणि ती दाखवून देणे हेही रसग्रहणाचेच काम आहे.

७. भावनेचे नाव न घेता भावना कशी पोचली ते पाहा

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. शांत हा नववा पुढे जोडला गेला. नवशिके बहुधा रसाचे नाव लिहून मोकळे होतात: ‘या कवितेत करुण रस आहे.’ पण विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, असे भरताने सांगितले, म्हणजे कारण दिसले पाहिजे, शरीरावर उमटलेली खूण दिसली पाहिजे, मधूनच येणारे-जाणारे भाव दिसले पाहिजेत. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रज्ञाने तर भावनेचा उच्चार तिच्याच नावाने करणे हा काव्यातला दोष मानला.

हे गद्यालाही लागू पडते. ‘ती फार दुःखी होती’ या वाक्यातून मला माहिती मिळते. ‘तिने सवयीने दोन ताटे घेतली, आणि मग एक उचलून परत मांडणीवर ठेवले’ या वाक्यात ‘दुःख’ हा शब्द नाही, पण दुसरे ताट कोणाचे हे मला विचारावे लागते आणि उत्तर माझे मलाच द्यावे लागते. कथेचे रसग्रहण करताना निवेदक कोण आहे, त्याला काय ठाऊक नाही, वाक्ये कुठे आखूड झाली, कोणता तपशील पुन्हा आला, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुरेसे साहित्य हाती येते.

८. आता लिहा

प्रत्येक मुद्द्यासाठी एक परिच्छेद पुरतो. त्यात ओळ यावी, तिच्यात काय केले आहे ते यावे, ते बदलले तर काय हरवते ते यावे, आणि त्याचा कवितेच्या एकूण आशयाशी संबंध यावा. अलंकाराचे नाव या परिच्छेदात कुठेही आले तरी चालते, फक्त तेवढ्यावर परिच्छेद संपू नये. ‘बहिणाबाईंनी संसाराला तव्याची सुंदर उपमा दिली आहे’ हे अपुरे. ‘तव्याची उपमा वाचताच आधी बोटांना चटका आठवतो आणि नंतर भाकरीचा वास, सुखाआधी दुःख येणारच हे कवयित्री तत्त्व म्हणून सांगत नाही, तो रोजच्या स्वयंपाकाचा क्रम म्हणून दाखवते’ हे पुरेसे. दोन्ही वाक्यांत उपमेचे कौतुकच आहे, पण दुसऱ्यात ते सिद्ध झाले आहे.

लेखन झाल्यावर ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘मनाला भिडणारे’, ‘गेयता’, ‘नटलेली’ हे शब्द शोधा. प्रत्येकाच्या पुढे ‘मग काय झाले?’ असे स्वतः लिहा आणि उत्तर देता येत नसेल तर ते वाक्य काढून टाका. परीक्षेत वेळ कमी असतो, म्हणून तिथे सहा अलंकारांची यादी देण्यापेक्षा दोनच निवडून त्यांच्याविषयी नीट लिहावे. आणि जी ओळ समजली नाही, तिचा अर्थ ओढूनताणून लावू नये. समजलेल्या चार ओळींवरचे प्रामाणिक उत्तर तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते.

सरावासाठी प्रसिद्ध कवींपासून सुरुवात करायलाच हवी असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे आणि त्यांतल्या पुष्कळशा ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर गाणाऱ्या बायांच्या आवाजासह ऐकता येतात. रोज एक ओवी ऐका, ती वहीत उतरवा, डाव्या बाजूला सरळार्थ लिहा, एक शब्द बदला आणि उजव्या बाजूला काय हरवले ते दोन ओळींत नोंदवा. सुरुवातीला यास अर्धा तास लागतो, महिनाभराने दहा मिनिटे पुरतात. मग पाठ्यपुस्तकातली कविता उघडा.